उजव्या कोपऱ्यातली खूण

[दृश्य : प्रोजेक्शनची खोली. शेजारी शेजारी दोन यंत्रे. एक चालू, दुसरे तयार.]

पडद्याच्या उजव्या, वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर उमटतो आणि नाहीसा होतो. बहुतेक प्रेक्षकांचे त्याकडे लक्षही जात नाही. परंतु सभागृहाच्या मागच्या खोलीत, काचेच्या झरोक्यापाशी उभा असलेला ऑपरेटर त्या ठिपक्याचीच वाट पाहत असतो. तो दिसताच ऑपरेटर दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करतो. सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, तेव्हा पहिल्या यंत्राचा प्रकाश झाकला जातो, दुसऱ्याचा पडद्यावर पडतो आणि कथा एका रिळावरून पुढच्या रिळावर जाते. दोन हजार फुटांचे रीळ वीस-बावीस मिनिटांत संपत असल्यामुळे तीन तासांच्या चित्रपटात ही अदलाबदल सात-आठ वेळा करावी लागते, आणि ती नीट साधली, तर झाली हे कोणाला कळतसुद्धा नाही.

[दृश्य : लॉ कॉलेज रस्ता, संध्याकाळ. फाटकातून आत येणारे प्रेक्षक.]

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे चित्रपटगृह आहे. पुणेकर त्याला नुसते ‘अर्काइव्ह’ म्हणतात. या शुक्रवारी कोणता नवा चित्रपट लागला, हा प्रश्न येथे कोणी विचारत नाही. येथे येणारा माणूस आपल्या जन्माच्या आधीचा मूकपट पाहायला येतो, प्रभातचा बोलपट पाहायला येतो, नाही तर ज्या जपानी किंवा इटालियन चित्रपटाचे केवळ नाव ऐकले आहे, तो एकदा तरी मोठ्या पडद्यावर पाहावा म्हणून येतो. शेजारच्या खुर्चीत फिल्म इन्स्टिट्यूटचा विद्यार्थी असतो, तसेच निवृत्तीनंतर न चुकता येणारे आजोबाही असतात.

या संस्थेची स्थापना फेब्रुवारी १९६४ मध्ये झाली. तिला आकार दिला तो परमेश कृष्णन नायर यांनी. सर्व जण त्यांना पी. के. नायर म्हणून ओळखत. मूळचे तिरुवनंतपुरमचे नायर लहानपणी चित्रपटांची तिकिटे जपून ठेवत आणि वजनकाट्यातून निघणारी पुठ्ठ्याची चिठ्ठीही टाकून देत नसत. १९६१ मध्ये ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन साहाय्यक म्हणून दाखल झाले, १९६५ मध्ये संग्रहालयात साहाय्यक अभिरक्षक झाले आणि १९८२ ते १९९१ या काळात त्याचे संचालक होते. भारतीय आणि परदेशी मिळून सुमारे बारा हजार चित्रपट त्यांच्या कारकिर्दीत या कोठारात आले.

हे चित्रपट टपालाने आपोआप आले नाहीत. नायर नाशिकला दादासाहेब फाळके यांच्या कुटुंबीयांकडे गेले आणि तेथून जे हाती लागले, ते पुण्याला आणले. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला होता. त्याच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच आज उपलब्ध आहेत. ती मूळ चित्रपटाची, की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही ती पडद्यावर सुरू होतात, तेव्हा सभागृह एकदम गप्प होते.

[दृश्य : ‘कालिया मर्दन’ची सुरुवात. मुलीचा चेहरा.]

१९१९ च्या ‘कालिया मर्दन’ची सुरुवात येथे थोडी थांबून पाहू. पडद्यावर एका लहान मुलीचा चेहरा आहे. ही फाळक्यांची कन्या मंदाकिनी. ती हसते, रुसते, रागावते. एकेक भाव तिच्या चेहऱ्यावर येतो आणि ओसरतो. मग तोच चेहरा हळूहळू विरघळतो आणि त्याच जागी मुकुट घातलेला बाळकृष्ण दिसू लागतो. आधी माझी मुलगी पाहा आणि मग तिचा कृष्ण पाहा, असे एक बाप प्रेक्षकांना सांगतो आहे. फोनच्या पडद्यावर हा प्रसंग गमतीचा वाटतो. सभागृहात मात्र तो चेहरा दोन माणसांच्या उंचीएवढा होतो, डोळ्यांच्या कडेची बारीक हालचालही नजरेतून सुटत नाही, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मुलीशी आपली खरोखरच नजरानजर होते.

अर्थात, सर्वच चित्रपट नायरांना मिळाले नाहीत. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्याच मॅजेस्टिक सिनेमात प्रदर्शित झालेला ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट. आज त्याची छायाचित्रे आणि जाहिराती आहेत, पण चित्रपट नाही. त्या काळी खेळ संपले, की प्रिंटची किंमत उरत नसे. उरत असे ती फिल्मवरच्या रसायनातील चांदीची, आणि ती काढून घेण्यासाठी अनेक चित्रपट धुऊन टाकले गेले. जे वाचले, त्यांच्यापुढे आगीचे भय होते. त्या काळची नायट्रेट या ज्वालाग्राही पदार्थाची फिल्म एकदा पेटली, की जळताना स्वतःच प्राणवायू निर्माण करते, त्यामुळे पाण्यानेही ती विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेटच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या काळातील मूळ रिळांसह फार मोठा ठेवा गेला. महाराष्ट्राने याचे दुःख पुरेसे केले नाही, असे आम्हाला आजही वाटते.

मग जे उरले आहे, ते कुलपात ठेवावे की दाखवावे? जगभरच्या चित्रपट संग्राहकांमध्ये हा वाद जुना आहे. लंडनच्या अर्नेस्ट लिंडग्रेन यांचे म्हणणे असे, की एकुलती एक प्रत यंत्रावर चढवणे म्हणजे तिचे आयुष्य कमी करणे. पॅरिसचे आंरी लांग्ल्वा मात्र मिळेल तो चित्रपट मिळेल तसा दाखवत राहिले, आणि त्यांच्या छोट्या सभागृहात पुढच्या रांगांत बसणाऱ्या तरुणांतून पुढे फ्रान्सचे नवे दिग्दर्शक निर्माण झाले. दोघांचेही म्हणणे खरे आहे. प्रत्येक वेळी यंत्रातून जाताना प्रिंटवर ओरखडे पडतात, दातेरी चाकात तिच्या कडेची छिद्रे फाटतात, हे कोणीही ऑपरेटर सांगेल. म्हणूनच मूळ निगेटिव्ह थंड कोठारात ठेवायची आणि खेळासाठी वेगळी प्रत काढायची, असा मार्ग असतो. परंतु चित्रपट दाखवायचा, याविषयी नायरांच्या मनात संदेह नव्हता.

[दृश्य : रिळांचे डबे टेम्पोत चढवले जात आहेत.]

फिल्म इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक सतीश बहादूर यांच्या बरोबरीने नायरांनी चित्रपट रसास्वादाचे अभ्यासक्रम चालवले आणि संग्रहालयाचे डबे गावोगावच्या फिल्म सोसायट्यांकडे पाठवले. कर्नाटकातील हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांची निनासम ही नाट्यसंस्था होती. तेथे सुपारीच्या बागांत राबणाऱ्या माणसांनी इटालियन ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहिला, जपानी ‘राशोमोन’ पाहिला. सायकल चोरीला गेली म्हणजे घरातली चूल बंद होते, हे समजण्यासाठी त्यांना कोणा समीक्षकाची गरज पडली नाही. आपल्याकडे मुंबईत १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळाने आणि पुण्यात आशय फिल्म क्लबने हेच काम नेटाने केले. खुर्च्या मांडणाऱ्या आणि डबे उचलणाऱ्या त्या कार्यकर्त्यांचे मराठी प्रेक्षकांवर मोठे ऋण आहे.

नायर स्वतः अंधारात बसून, हातातल्या लहान विजेरीच्या उजेडात वहीत नोंदी करत चित्रपट पाहत. कोणता प्रसंग कितव्या रिळात आहे, हे ते वही न उघडता सांगत, अशी आठवण त्यांचे विद्यार्थी सांगतात. ४ मार्च २०१६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

[दृश्य : सभागृह. ‘संत तुकाराम’.]

दामले आणि फत्तेलाल यांचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर पाहिला आहे. तो सभागृहात पाहिल्यावर लक्षात येते, की या चित्रपटात हशा किती आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम भान हरपून गात असतो आणि गौरी यांची आवली पोरे, म्हैस आणि रिकामी मडकी यांच्यात उभी राहून त्याचा उद्धार करत असते. तिच्या प्रत्येक वाक्याला रांगांतून दाद मिळते, विशेषतः बायकांची. मग मूल आजारी पडते, ती हातात पायताण घेऊन थेट पांडुरंगासमोर जाते, आणि मघाशी हसणारेच लोक स्तब्ध होतात. घरी एकट्याने पाहताना हे घडत नाही, कारण तेथे आपल्याबरोबर हसायला आणि एकदम थांबायला कोणी नसते. ‘आधी बीज एकले’ हा शांताराम आठवले यांनी लिहिलेला अभंग अनेकांना तुकोबांचाच वाटला, तोही अशाच भरलेल्या चित्रपटगृहांतून.

जुना चित्रपट पुन्हा पाहण्याची सवय आपल्याला नवी नाही. एके काळी प्रत्येक शहरात मॅटिनीला जुने चित्रपट कमी दरात लागत आणि कॉलेज बुडवून जाणाऱ्यांची पिढी त्यावरच घडली. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रदर्शित झाला आणि मुंबईच्या मराठा मंदिर चित्रपटगृहाने त्याचा खेळ वर्षानुवर्षे चालू ठेवला. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो थांबवायचे ठरले, तेव्हा प्रेक्षकांच्या आग्रहामुळे पुन्हा सुरू करावा लागला. नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा असलेला, कोकणातल्या पावसात भिजलेला ‘तुंबाड’ २०१८ मध्ये फारसा चालला नव्हता. मधल्या काळात त्याचे वेड एकाकडून दुसऱ्याकडे पसरत गेले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. घरबसल्या पाहता येत असूनही लोक तिकीट काढून गेले. तो पाऊस त्यांना अंधारात, चहूबाजूंनी ऐकायचा होता.

आता बहुतेक खेळ डिजिटल प्रतीवर होतात. त्यांत रीळ बदलावे लागत नाही आणि ओरखडेही नसतात. एकेक चौकट स्वच्छ करून घडवलेल्या या प्रतींमुळे विटलेले चित्रपट पुन्हा उजळले आहेत, आणि त्या कामाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. तरीही ३५ मिलिमीटरच्या प्रिंटचा खेळ कुठे असेल, तर तो सोडू नये.

[दृश्य : पुन्हा प्रोजेक्शनची खोली.]

खालचे दिवे मंदावले आहेत. ऑपरेटरने फिल्मचे टोक दातेरी चाकांवरून ओवून घेतले आहे, दार लावले आहे आणि हात कापडाला पुसले आहेत. पहिले यंत्र घरघरू लागते. तो झरोक्यापाशी येतो आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहत उभा राहतो.