एका लिटरमागे कोणाचे किती?

(दृश्य: परभणी, वसमत रस्ता. सकाळची वेळ. पेट्रोल पंपावर दुचाकींची रांग.)

परभणीत पंपावर ‘टाकी फुल्ल करा’ म्हणणारे थोडे. ‘शंभरचं टाका’, ‘दोनशेचं टाका’, हीच इथली बोली. २०२१ च्या उन्हाळ्यात शंभराच्या नोटेत लिटरभर पेट्रोलही येईनासं झालं. मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली ती २९ मे २०२१ ला. परभणीने ती त्याआधीच ओलांडली होती. राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल कुठे, अशी बातमी आली की परभणीचं नाव कित्येक वर्षं ठरलेलंच.

कारण विचारलं तर अंतराकडे बोट दाखवलं जातं. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून निघालेला टँकर सुमारे तीनशे किलोमीटर कापून इथे पोहोचतो आणि तो वाहतूक खर्च दरात धरला जातो. खरं आहे ते. पण अंतरामुळे फरक पडतो तो रुपया-दोन रुपयांचा. त्याहून कितीतरी मोठा वाटा कराचा आहे, आणि तो दिल्लीत आणि मुंबईत ठरतो.

(दृश्य: पंपावरची छापील पावती, अगदी जवळून.)

ही पावती पाहा. किती लिटर, काय दर, किती रक्कम. कराची ओळ कुठेच नाही. हॉटेलात जेवलात तर बिलावर सीजीएसटी वेगळा, एसजीएसटी वेगळा दाखवतात. इथे मात्र सगळं एका आकड्यात मिसळलेलं. म्हणून पंपावर चिडलेला माणूस नेमकं कोणावर चिडायचं, हे आपापल्या पक्षाकडे बघून ठरवतो.

आधी केंद्राचं पाहू. मे २०१४ मध्ये पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला ९ रुपये ४८ पैसे होतं, डिझेलवर ३ रुपये ५६ पैसे. मे २०२० मध्ये पेट्रोलवर ते ३२ रुपये ९८ पैसे आणि डिझेलवर ३१ रुपये ८३ पैसे झालं. डिझेलवरचा कर सहा वर्षांत जवळपास नऊपट. टाळेबंदीत जगभर कच्चं तेल कोसळलं होतं. ती स्वस्ताई ग्राहकापर्यंत आलीच नाही, करात जिरली. पुढे नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ अशा दोन कपाती झाल्या आणि पेट्रोलवरचं शुल्क १९ रुपये ९० पैशांवर आलं.

त्या १९ रुपये ९० पैशांत मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. बाकी सगळा उपकर आणि अधिभार. राज्यांना वाटा मिळतो तो मूळ शुल्कातून. उपकर-अधिभारातला पैसा वाटपात येतच नाही. राज्यांची ही तक्रार रास्त आहे.

पण राज्याचे हातही कोरडे नाहीत. महाराष्ट्र मूल्यवर्धित कर टक्केवारीने घेतो, तोही केंद्राचा कर मिसळलेल्या किमतीवर. म्हणजे करावर कर. आणि वर लिटरमागे ठरावीक अधिभार.

(दृश्य: मराठवाड्यातलं कोरडं धरण, भेगाळलेली जमीन.)

या अधिभाराची गोष्ट मराठवाड्याने विसरू नये. ३० सप्टेंबर २०१५ ला, दुष्काळनिवारणासाठी पैसा हवा म्हणून, राज्य सरकारने पेट्रोल-डिझेल लिटरमागे दोन रुपयांनी महाग केलं. त्याच दुष्काळात, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. ज्यांच्या विहिरी आटल्या होत्या तेही पंपावर हे दोन रुपये मोजत होते. पुढे पाऊस पडला, धरणं भरली. अधिभार मात्र उतरला नाही, चढला. तोवर सहा रुपयांवर गेलेला पेट्रोलवरचा अधिभार २०१७ च्या एप्रिलमध्ये नऊ रुपये झाला, मे महिन्यात नऊचा अकरा. तेव्हा कारण सांगितलं गेलं महामार्गालगतची दारूची दुकानं बंद झाल्याने बुडालेल्या महसुलाचं. दारूच्या महसुलाची भरपाई दुधाच्या कॅनवाल्याने आणि शाळेच्या रिक्षावाल्याने का करायची, याचं उत्तर कोणी दिलं नाही.

ते सरकार भाजप-शिवसेनेचं होतं. मग महाविकास आघाडी आली. तिनेही १ जून २०२० पासून दोन रुपये वाढवले.

(दृश्य: वेगवेगळ्या पक्षांच्या मोर्चांची जुनी छायाचित्रं. बैलगाड्या, गॅस सिलिंडर, हातगाडीवर ठेवलेली मोटारसायकल.)

हे मोर्चे नीट बघा. २०१० मध्ये दरवाढीविरुद्ध भारत बंद झाला तेव्हा भाजप रस्त्यावर होता. सप्टेंबर २०१८ च्या बंदची हाक काँग्रेसची. बैलगाडी तीच, झेंडा बदललेला. २७ एप्रिल २०२२ ला पंतप्रधानांनी मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत महाराष्ट्राचं नाव घेऊन कर कमी न केल्याबद्दल सुनावलं. उद्धव ठाकरे यांनी केंद्राकडे असलेली जीएसटीची २६,५०० कोटींची थकबाकी पुढे केली. दोन दिवस टीव्हीवर तेच चाललं. घराघरात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, चहाच्या टपरीवर माणसं आपापल्या बाजूचा आकडा घेऊन भांडली. जूनच्या अखेरीस सरकार बदललं आणि जुलैमध्ये नव्या सरकारने पेट्रोल पाच, डिझेल तीन रुपयांनी उतरवलं. म्हणजे उतरवता येत होतं. मग आधी का नाही?

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं जमतं. पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणायचं का, यावर १७ सप्टेंबर २०२१ ला जीएसटी परिषदेच्या लखनौच्या बैठकीत चर्चा झाली. आत्ता ती वेळ नाही, असं परिषदेने ठरवलं. केंद्र आणि राज्यं, दोघांनाही हा गल्ला सोडवत नाही.

(दृश्य: शेतात रोटाव्हेटर मारणारा ट्रॅक्टर.)

ज्याच्याकडे गाडीच नाही तोही हा कर भरतो. डिझेल वाढलं की नांगरणीचा, रोटाव्हेटरचा एकरी दर वाढतो. मोंढ्यात सोयाबीन नेणाऱ्या टेम्पोचं भाडं वाढतं. भाडं वाढलं म्हणून सोयाबीनला कोणी जास्त भाव देत नाही.

जून २०२४ च्या अर्थसंकल्पात राज्याने पुन्हा कर कमी केला. पेट्रोल ६५ पैशांनी, डिझेल सुमारे दोन रुपयांनी स्वस्त झालं, ते मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत. तिथला कर उर्वरित राज्यापेक्षा जास्त होता, तो समान केला, हे स्पष्टीकरण हिशेबाला धरून आहे. तरी परभणीच्या वाट्याला काही आलं नाही.

आमची मागणी एवढीच आहे: पंपाच्या पावतीवर केंद्राचा कर, राज्याचा कर आणि अधिभार वेगवेगळे छापा. आणि अधिभार ज्या कारणासाठी लावला ते कारण, त्याची मुदत आणि जमा झालेली रक्कम दर अधिवेशनात विधानसभेपुढे ठेवा. सत्तेत कोणीही असो, परभणीच्या आमदारांनी हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारावा.