जिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात: मुंबईच्या विमानतळाची वाढ

(दृश्य: घाटकोपरच्या गच्चीवरून दिसणारं, चाकं खाली सोडलेलं विमान)

घाटकोपरच्या एखाद्या गच्चीवर उभं राहिलं की डोक्यावरून जाणारं विमान इतकं खाली असतं की त्याची चाकं मोजता येतात. ते २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे निघालेलं असतं. २७ म्हणजे होकायंत्रावरचे २७० अंश, थेट पश्चिम. विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उतरतं आणि उडतं, आणि मुंबईत वर्षातला बराच काळ वारा समुद्राकडून येतो. म्हणून पूर्वेकडून यायचं आणि जुहूच्या बाजूने समुद्रावर झेपावायचं, हा इथला नेहमीचा क्रम. वारा फिरला की हीच पट्टी उलट दिशेने वापरतात. तेव्हा तिचा क्रमांक ०९.

तिची लांबी साधारण साडेतीन किलोमीटर, रुंदी ६० मीटर. दुसरी धावपट्टी, १४/३२, तीन किलोमीटरपेक्षा थोडी कमी आहे आणि पहिलीला तिरकी कापत जाते. मुंबईच्या विमानतळाचं गेल्या काही दशकांतलं सगळं दुखणं त्या छेदबिंदूपाशी आहे.

(दृश्य: विमानतळाचा नकाशा, दोन्ही धावपट्ट्या ठळक)

दोन धावपट्ट्या म्हणजे दुप्पट विमानं, असा आपला समज होतो. पण एका पट्टीवर विमान धावत असताना दुसरीवरून कोणी त्या चौकातून जाऊ शकत नाही. त्यामुळे मुंबई प्रत्यक्षात एका वेळी एकच धावपट्टी वापरते. मुख्य पट्टी बंद असेल तर १४/३२ वर तासाला साधारण ३५ विमानंच हाताळता येतात. आणि काम नेमकं छेदबिंदूवर निघालं, तर दोन्ही बंद.

इथवर आपण कसे आलो, ते थोडक्यात.

मुंबईचा पहिला नागरी विमानतळ जुहूला, १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तिथेच उतरले. पण जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलाने भरायचं, आणि दरवर्षी त्या काळापुरती टपालसेवा पुण्याला हलवावी लागायची. सांताक्रूझचा हवाई तळ ब्रिटिश हवाई दलाचा होता. स्वातंत्र्यानंतर तो नागरी वाहतुकीला मिळाला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. पुढे १९५८ मध्ये सांताक्रूझचं टर्मिनल आलं, ऐंशीच्या दशकात सहारला आंतरराष्ट्रीय टर्मिनल उभं राहिलं. शहर मात्र थांबलं नव्हतं. कुर्ला, अंधेरी, विलेपार्ले, साकीनाका यांनी चारही बाजूंनी कुंपणाला टेकून घरं बांधली, आणि कुंपणाच्या आतही झोपडपट्ट्या वसल्या. २००६ मध्ये विमानतळाचं व्यवस्थापन खासगी भागीदारीकडे गेलं, तेव्हा सगळी मिळून सुमारे १,८५० एकर जागा होती. तीही पूर्ण मोकळी नव्हती.

(दृश्य: टर्मिनल २, आतलं पांढरं छत)

इमारतीच्या बाबतीत उत्तर सापडलं. टर्मिनल २ चा आराखडा इंग्रजी एक्स अक्षरासारखा आहे. जुनं टर्मिनल चालू ठेवून त्याच्या भोवतीने नवं टप्प्याटप्प्याने बांधायचं होतं, आणि हा आकार त्यासाठी सोयीचा ठरला. एका बाजूला जुनं पाडायचं, दुसऱ्या बाजूला नवं चढवायचं, आणि मधून रोजचे प्रवासी नेत राहायचं. मुख्य दालनाचं सुमारे ७०,००० चौरस मीटरचं छत फक्त ३० खांबांवर उभं आहे. खांब वर जाताना छत्रीसारखे पसरतात. खांब कमी, म्हणून रांगा वळवायला आणि काउंटर हलवायला जमीन मोकळी. १० जानेवारी २०१४ रोजी उद्घाटन झालं आणि वर्षाला चार कोटी प्रवाशांची सोय झाली. हे बांधकाम खरोखर अभिमान वाटावा असं आहे.

पण टर्मिनल वाढलं म्हणून आकाशात जागा वाढत नाही.

(दृश्य: रडारचा पडदा, एकामागे एक ठिपके)

विमानतळाची खरी क्षमता सेकंदांत मोजतात. मुंबईने गर्दीच्या वेळी तासाला ४६ हालचाली केल्या. उतरणारं किंवा उडणारं प्रत्येक विमान म्हणजे एक हालचाल. ३,६०० सेकंद भागिले ४६, म्हणजे दर ७८ सेकंदांना एक.

आता हे किती अवघड आहे पाहा. उतरताना विमानाचा वेग साधारण १४० नॉट, म्हणजे ताशी १४० नाविक मैल असतो (एक नाविक मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर). दोन विमानांमधलं तीन नाविक मैलांचं अंतर कापायला त्या वेगाने सुमारे ७७ सेकंद लागतात. पण प्रत्येक विमान आपल्या पंखांच्या टोकांमागे हवेचे जोरदार भोवरे सोडतं, आणि विमान जितकं जड तितके ते भोवरे धोक्याचे. म्हणून बोइंग ७७७ सारख्या जड विमानामागून एअरबस ए३२० येत असेल, तर मध्ये पाच नाविक मैल ठेवावे लागतात. म्हणजे सुमारे १२९ सेकंद. क्रम जड, मध्यम, जड, मध्यम असा लागला तर वेळ वाया जातो. म्हणून नियंत्रक शक्यतो जड विमानं एकापाठोपाठ लावायचा प्रयत्न करतात. दोन उतरणाऱ्या विमानांमध्ये एक उड्डाण बसवायचं असेल तर ते अंतर आणखी नेमकं लागतं. जास्त ठेवलं तर सेकंद गेले. कमी ठेवलं आणि पुढचं विमान पट्टीवरून वेळेत हटलं नाही, तर मागच्याला न उतरता पुन्हा वर जावं लागतं. त्याला गो-अराउंड म्हणतात. सुरक्षेच्या दृष्टीने तो अगदी योग्य निर्णय असतो, पण ते विमान परत रांगेत यायला किमान दहा-पंधरा मिनिटं जातात.

म्हणूनच वेगाने बाहेर पडण्याचे तिरके टॅक्सीवे, म्हणजे धावपट्टीवरून निघणारे विमानांचे रस्ते, महत्त्वाचे. काटकोनात वळायचं तर विमानाला वेग १५ नॉटच्या आसपास आणावा लागतो. सुमारे ३० अंशांत फुटणाऱ्या टॅक्सीवेवर कोरड्या पट्टीवर ५० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी नव्वदेक किलोमीटरने, बाहेर पडता येतं. प्रत्येक विमानामागे वाचलेले दहा-पंधरा सेकंद दिवसभरात किती होतात, याचा हिशोब तुम्हीच करा. ८ डिसेंबर २०१८ रोजी या विमानतळाने २४ तासांत १,००७ हालचाली केल्या, त्या अशाच वाचवलेल्या सेकंदांवर.

मग बिघडतं कुठे? एक विमान पट्टीवर अडकलं की सगळं बिघडतं. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात एक बोइंग ७३७ मुख्य धावपट्टीच्या टोकापलीकडे गेलं आणि चिखलात रुतलं. प्रवासी सुखरूप बाहेर आले, पण मुख्य पट्टी काही दिवस बंद राहिली. रुतलेलं विमान नुसतं ओढून चालत नाही, ओढलं तर सांगाडाच तुटू शकतो. आधी इंधन आणि सामान उतरवून वजन कमी करायचं, चाकांपासून पक्क्या जमिनीपर्यंत कठीण रस्ता तयार करायचा, हवेच्या पिशव्या किंवा जॅक लावून उचलायचं आणि मग इंचाइंचाने मागे घ्यायचं. हे सगळं भर पावसात.

पाऊस मुंबईच्या विमानतळाला दुसऱ्याही वाटेने गाठतो. मिठी नदी मुख्य धावपट्टीखालून वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, नदी पसरली आणि विमानतळ बंद करावा लागला. अरुंद केलेली नदी आपली जागा परत मागतेच. त्यामुळे नदीपात्राची रुंदी आणि खोली हा विमानतळाच्या कामकाजाचाही विषय आहे.

(दृश्य: दुपारच्या उन्हात धावपट्टीवर यंत्रं आणि कामगार)

दर पावसाळ्याआधी आणि नंतर एक दिवस दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद असतात. सूचना सहा-सहा महिने आधी निघते, म्हणजे कंपन्यांना वेळापत्रक बदलता येतं. त्या सहा तासांत जे होतं त्यावर अख्खा पावसाळा अवलंबून असतो. विमानाचं चाक टेकताना स्थिर असतं आणि क्षणात फिरू लागतं. त्या घर्षणात टायरचं रबर वितळून पट्टीला चिकटतं. थर साचला की पृष्ठभाग गुळगुळीत होतो, आणि त्यावर पाणी पडलं की ब्रेक धरत नाही. हा थर उच्च दाबाच्या पाण्याने काढतात, मग घर्षण मोजणारी गाडी फिरवून खात्री करतात. सोबत भेगा भरणं, दिवे आणि त्यांच्या केबल तपासणं, रंगाच्या खुणा उजळणं, निचऱ्याच्या वाटा मोकळ्या करणं. सगळं एकाच दिवशी उरकावं लागतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने गर्दीच्या तासांतली मर्यादा ४६ वरून ४४ वर आणली आणि इतर वेळची ४४ वरून ४२. कारण साधं होतं: विमानं शहरावर ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालत होती. सरकारने दिलेल्या हिशोबानुसार ४० मिनिटांच्या घिरट्यांना सुमारे १.७ किलोलिटर इंधन जळतं, तासाभराला अडीच किलोलिटर. कंपन्यांना ही कपात आवडली नाही. तरी आमच्या मते ती योग्यच होती. कागदावर ४६ आणि आकाशात रांग, यापेक्षा पाळता येणारे ४४ बरे.

(दृश्य: उलव्याची धावपट्टी, मागे खाडी)

या गणितातून सुटण्याचा मार्ग एकच: दुसरी जागा. उलव्याच्या नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ ची, पर्यावरण मंजुरी २०१० ची, पायाभरणी १८ फेब्रुवारी २०१८ ची आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ चं. २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. इतका काळ का लागला, ते जागेकडे पाहिलं की कळतं. १,१६० हेक्टर, त्यात खारजमीन आणि खाडीचा चिखल. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने उलव्याची टेकडी सुरुंग लावून फोडली आणि तिचाच मुरूम-दगड भरावाला वापरला. उलवे नदीचा प्रवाह वळवला. अतिउच्च दाबाच्या वीजवाहिन्या हलवल्या. असल्या मऊ चिखलावर भराव टाकला की आतलं पाणी हळूहळू बाहेर पडतं आणि जमीन बसत जाते. ती सगळीकडे सारखी बसली नाही तर धावपट्टीला लाटा येतात. म्हणून बसणं आधी घडवून घ्यावं लागतं, आणि त्यात घाई चालत नाही.

त्याच जमिनीवर दहा गावंही होती. उलवे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी यांच्यासारख्या आगरी-कोळी गावांनी घरं, शेतं आणि खाडीकिनारे सोडले. मोबदल्यात २२.५ टक्के विकसित भूखंडांचं पॅकेज ठरलं. विकसित भूखंड देण्याची ही परंपरा नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेल्या १९८४ च्या जासई आंदोलनातून आली. त्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले आणि त्याचं नेतृत्व दि. बा. पाटील यांनी केलं होतं. विमानतळाला त्यांचं नाव द्यावं ही मागणी रायगड-ठाण्यात इतकी तीव्र का आहे, हे हा इतिहास माहीत असल्याशिवाय समजत नाही.

आराखड्यात सहारची चूक टाळली आहे. इथल्या दोन धावपट्ट्या समांतर आहेत, प्रत्येकी ३,७०० मीटर, आणि दोघींमध्ये १,५५० मीटर अंतर. दोन समांतर पट्ट्यांवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवायची तर आंतरराष्ट्रीय निकषानुसार किमान १,०३५ मीटर लागतात. म्हणजे एकीवर विमान असलं म्हणून दुसरी थांबणार नाही. मात्र पहिल्या टप्प्यात पट्टी एकच आहे आणि क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची. नऊ कोटींचा आकडा सगळे टप्पे पूर्ण झाल्यावरचा आहे. शिवाय दोन्ही विमानतळांचं आकाश एकमेकांना लागून असल्याने उलव्याला येणाऱ्या आणि सहारला उतरणाऱ्या विमानांचे मार्ग आणि उंची वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि तो ताळमेळ नियंत्रकांना रोज सांभाळावा लागतो.

प्रवाशांनी यापुढे तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचून मगच घराबाहेर पडावं. बीओएम म्हणजे सांताक्रूझ-सहार. तिथे टर्मिनल १ की २ तेही पाहा, दोन्हींना भुयारी मेट्रो ३ चं स्वतंत्र स्थानक आहे. एनएमआय म्हणजे उलवे. दक्षिण मुंबईतून शिवडीहून अटल सेतूने जाता येतं. ठाणे, कल्याण, पनवेलकरांना खाडी ओलांडून मुंबईत शिरायची गरजच नाही.