झोपलेल्या ज्युलियाची गोष्ट

नमस्कार मंडळी. कार्यकारिणीने सांगितलं की यंदा वाचनाबद्दल काहीतरी बोला, तर मी एकाच पुस्तकाबद्दल बोलणार आहे, कारण पुण्याहून परत आल्यापासून तेच डोक्यात आहे.

डिसेंबरात पुण्याला होते तेव्हा फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव चालू होता, आणि काय ती गर्दी, कॉलेजची पोरंपोरी पिशव्या भरभरून पुस्तकं नेताना बघून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! भाची बरोबर होती, तिच्या सॅकमध्ये तिचं आधीच घेतलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं, 'ज्युलिया', सँड्रा न्यूमन नावाच्या अमेरिकन लेखिकेचं, २०२३ साली आलेलं. मी विचारलं कोण गं ही ज्युलिया, तर म्हणाली, "अगं मावशी, '१९८४' मधली!"

आता जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. हा माणूस जन्मला बिहारात, मोतिहारीला, १९०३ साली, आणि कादंबरी जून १९४९ मध्ये आली ती त्याच्या आयुष्याच्या अगदी शेवटी, जानेवारी १९५० मध्ये तो क्षयाने गेला. हुकूमशहा बिग ब्रदर, घराघरातून माणसांवर नजर ठेवणारा पडदा म्हणजे टेलिस्क्रीन, इतिहास रोज खोडून नव्याने लिहिणारं सरकारी खातं, हे सगळं आपल्याला दिसतं ते विन्स्टन स्मिथच्या डोळ्यांनी. ज्युलिया म्हणजे त्याची प्रेयसी, बस. तिला तर आडनावसुद्धा नाही.

पण मूळ पुस्तकात तिचा एक प्रसंग आहे तो मला कायम लक्षात राहिलाय. जुन्या वस्तूंच्या दुकानावरच्या खोलीत ती हत्यारांची पिशवी घेऊन येते, वर पाने आणि स्क्रूड्रायव्हर, आणि त्याच्याखाली लपवलेली खरी साखर, सॅकरीन नाही हं, पांढरा पाव, जॅम, दुधाचा डबा, चहा आणि पक्षाच्या बड्या लोकांसाठीची अस्सल कॉफी. कोणाकडून कसं मिळवलं असेल हे सगळं? पकडली गेली असती तर? तिथे विन्स्टन काही खोलात जात नाही. आणि पुढे तो तिला बंदी असलेलं ते जाडजूड पुस्तक मोठ्याने वाचून दाखवतो तेव्हा ती चक्क झोपून जाते. वाचणाऱ्याला वाटतं, हिला काय पडलंय राजकारणाचं.

न्यूमनबाईंनी ऑर्वेलच्या वारसांच्या संमतीने ही झोपलेली बाई जागी केली. तिला आडनाव दिलं, वर्दिंग. ती कादंबऱ्या लिहिणाऱ्या यंत्रांची मेकॅनिक आहे हे ऑर्वेलनेच सांगितलंय, पण इथे आपण तिच्याबरोबर बायकांच्या होस्टेलवर राहायला जातो, मैत्रिणींमध्येसुद्धा कोण कोणाची खबर कुठे देईल याचा नेम नाही, काळ्या बाजारात काय मिळतं, कोणासमोर कुठला चेहरा ठेवायचा, हे सगळं तिला पाठ आहे. विन्स्टन हुकूमशाहीबद्दल विचार करतो, ज्युलिया त्या हुकूमशाहीत रोज दिवस काढते, आणि मला विचाराल तर भीती दुसऱ्या पुस्तकात जास्त वाटते. विन्स्टनसुद्धा तिच्या नजरेतून वेगळाच दिसतो. पुढे काय होतं ते सांगत नाही, शेवट तर अजिबातच नाही.

काही जण म्हणतात की क्लासिकला असा हात लावू नये. मला हे पटत नाही, आणि मराठी माणसाने तर हे म्हणूच नये! इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आणि शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय', दोन्ही १९६७ सालची. महाभारताने ज्याला सूतपुत्र म्हणून बाजूला ठेवलं त्या कर्णाला आपण घराघरात नेऊन बसवलं. आणि इरावतीबाईंची गांधारी आठवा, म्हातारपणी वनात जेव्हा ती डोळ्यांवरची पट्टी सोडते. त्याने व्यासांचं महाभारत कुठे लहान झालं? उलट मी तरी 'युगान्त' वाचून परत मूळ कथेकडे गेले, आणि 'ज्युलिया' संपल्यावर तसंच झालं, '१९८४' पुन्हा काढली आणि त्या कॉफीच्या पानावर येऊन थांबले. शब्द तेच, पण आता ती पिशवी किती जड असेल ते जाणवत होतं.

एकच सांगणं, ज्यांनी '१९८४' वाचली नाही त्यांनी आधी ती वाचा, थेट 'ज्युलिया'ला हात घातला तर निम्मी मजा जाईल. दोन्ही पुस्तकं मी आज आणली आहेत, मागच्या टेबलावर मंडळाच्या लायब्ररीच्या पेटीत ठेवलीत, 'युगान्त'ची माझी प्रतपण तिथेच आहे. वहीत नाव लिहून न्या, आणि वाचून झालं की मला फोन करा, कारण त्या शेवटाबद्दल मला कोणाशी तरी भांडायचंय, भाची तिकडे पुण्यात आणि तिचं माझं अजिबात एकमत होत नाहीये.