काखेतला वास आणि तुरटीचा खडा

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी आंघोळ करून घराबाहेर पडावं आणि स्टेशनचा जिना चढेपर्यंत पाठ भिजलेली असावी, हे मुंबईकराला नवं नाही. आपल्या हवेत इतकी ओल असते की अंगावरचा घाम वाळतच नाही. आणि ओल राहिली की जंतूंचं फावतं. आज बोलायचंय काखेत लावायच्या डिओबद्दल. तो शक्यतो नैसर्गिक असावा, कुणा मुक्या जिवाला त्रास देऊन तयार झालेला नसावा आणि संध्याकाळच्या परतीच्या लोकलपर्यंत टिकावा.

पहिली गोष्ट नीट ऐका. ताज्या घामाला वास नसतो. पुन्हा सांगते, ताज्या घामाला वास नसतो. अंगभर ज्या घर्मग्रंथी आहेत त्या खारट पाणी सोडतात. काखेत त्यांच्या जोडीला आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात. त्या वयात आल्यावर कामाला लागतात आणि त्यांचा स्राव थोडा दाटसर असतो. कातडीवरचे जंतू हा स्राव फोडतात आणि त्यातून गंधक असलेली रसायनं सुटतात. तो वास आपल्याला येतो. म्हणजे वाटा दोनच. एक तर घाम अडवायचा, नाही तर जंतू आवरायचे. घाम अडवणारं ते अँटीपर्स्पिरंट. त्यातले अल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी बुचासारखे बसतात. जंतू आवरणारा किंवा वास झाकणारा तो डिओडरंट. दुकानात दोन्हींना सरसकट डिओच म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो. फवारे बहुतेक अल्कोहोल, अत्तर आणि डब्यातला वायू एवढ्यावरच चालतात. तासा-दोन तासांत अत्तर उडून जातं आणि खालचा वास वर येतो. (आणि कृपा करून लोकलच्या भरलेल्या डब्यात फवारा मारू नका. शेजारी दम्याचा पेशंट उभा असू शकतो, त्याला सरकायलाही जागा नसते.)

आता एक गोष्ट ऐका. डिओबद्दल बोलायचं आणि ही गोष्ट सांगायची नाही, हे मला जमायचं नाही.

अमेरिकेतलं सिनसिनाटी शहर. साल १९१० च्या आसपासचं. तिथे एक शल्यचिकित्सक होते. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या हातांना घाम यायचा. उन्हाळ्यात, त्या काळच्या गरम खोलीत, हातात धारदार हत्यार आणि तळवा ओला, ही जिवाशी गाठ. म्हणून त्यांनी एक द्रावण तयार केलं. ते हाताला लावलं की घाम थांबायचा. त्यांची मुलगी एडना मर्फी तेव्हा शाळेत शिकत होती. तिने ते द्रावण काखेत लावून पाहिलं. घाम थांबला. वासही गेला. पोरीच्या लक्षात आलं की हे विकता येईल. नाव ठेवलं ओडोरोनो. ओडर म्हणजे वास, आणि पुढे ओ नो, म्हणजे अरे बापरे, नको!

आजोबांकडून तिने दीडशे डॉलर उसने घेतले. भाड्याची जागा घेतली, ती परवडेना, मग सगळा पसारा आईवडिलांच्या घराच्या तळघरात हलवला. दारोदार जाऊन विकायला बायका नेमल्या. औषधाची दुकानं बाटल्या ठेवायला तयार नव्हती, ज्यांनी ठेवल्या त्यांनी न विकता परत पाठवल्या. कारण त्या काळी घामाविषयी चारचौघांत बोलणंच असभ्य होतं. लोक काखेत सुती पट्ट्या घालायचे, अत्तर लावायचे आणि गप्प बसायचे.

मग आलं १९१२ साल. अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या गावात मोठं प्रदर्शन भरलं. एडनाने तिथे गाळा घेतला. सुरुवातीला एकही बाटली खपेना. गाळ्यावरच्या बाईने तार केली की ओडोरोनो विकलं जात नाही, खर्च भागवायला थोडं कोल्ड क्रीम पाठवा. विचार करा, वर्षाची सगळी आशा त्या गाळ्यावर आणि मागणी कोल्ड क्रीमची! पण प्रदर्शन उन्हाळाभर चालणार होतं. ऊन तापलं. समुद्रावरची दमट हवा, अंगभर कपडे, कपड्यांवर घामाचे डाग. आणि बाटल्या खपू लागल्या. मोसम संपला तेव्हा एडनाच्या हातात जाहिरातीवर खर्च करायला तीस हजार डॉलर होते. अटलांटिक सिटीची ती हवा डोळ्यांपुढे आणा. आपल्या दादरच्या चौपाटीवर मे महिन्यात असते तीच. दमट हवेनेच हा धंदा उभा केला.

पण त्या बाटलीत होतं काय? आम्लात मिसळलेलं अल्युमिनियम क्लोराइड. रंगाने लाल. घाम तीन तीन दिवस थांबायचा, पण कातडीची आग व्हायची आणि कपडे खराब व्हायचे. एडनाच्या सूचना अशा होत्या: काख भादरून लगेच लावू नका, आणि झोपण्यापूर्वी लावा, म्हणजे वाळायला वेळ मिळेल. ही सूचना लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

पुढे तिने जेम्स वेब यंग नावाचा जाहिरात लिहिणारा गाठला. हा पूर्वी दारोदार बायबल विकायचा. त्याने आधी घाम येणं हा दुखण्याचा प्रकार असल्यासारखी जाहिरात केली. विक्री वाढली, मग थांबली. चौकशी केली तर कळलं की नाव सगळ्या बायकांना माहीत आहे, पण दोन तृतीयांश बायकांना वाटतं आपल्याला याची गरजच नाही. मग १९१९ मध्ये यंगने एका प्रसिद्ध महिला मासिकात वेगळी जाहिरात दिली. चित्रात एक तरुण जोडपं. मजकुराचा रोख असा की बाईला स्वतःचा वास कळत नाही, पण भोवतालच्या लोकांना कळतो, आणि ते तोंडावर सांगत नाहीत. सुमारे दोनशे वाचकांनी संतापून मासिकाची वर्गणी बंद केली. यंगच्या ओळखीतल्या बायकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. आणि विक्री? एका वर्षात ११२ टक्के वाढून ४ लाख १७ हजार डॉलर झाली. १९२९ मध्ये एडनाने कंपनी विकली.

ही गोष्ट मला फार जवळची वाटते. द्रावण चांगलं होतं, गरजही खरी होती, पण माल खपला तो लाजेवर. आजही गोऱ्या, गुळगुळीत काखेचं चित्र दाखवून तीच लाज विकली जाते. काखेची कातडी थोडी सावळी असणं हा आजार नाही. मुलींना हे घरातूनच सांगायला हवं.

आता एडनाच्या सूचनेकडे येऊ. अल्युमिनियमचं अँटीपर्स्पिरंट वापरत असाल तर ते रात्री लावा, पूर्ण कोरड्या कातडीवर. रात्री, कोरड्या कातडीवर. रात्री घाम कमी असतो, म्हणून क्षाराला नळीत बसायला वेळ मिळतो. सकाळी घाईघाईत ओल्या काखेत फिरवलं तर निम्मं घामाबरोबर वाहून जातं आणि आपण मालाला नावं ठेवतो. अल्युमिनियमने कर्करोग होतो ही भीती पुराव्याने सिद्ध झालेली नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच वापरा. आणि मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीच्या, दिवशी काखेत काहीच लावू नका, कण चित्रात ठिपक्यांसारखे उमटतात.

नैसर्गिक पर्यायांत माझा पहिला कौल तुरटीला. सलूनमध्ये दाढीनंतर गालावरून फिरवतात तीच. वाण्याकडे खडा काही रुपयांत मिळतो. मॉलमध्ये हाच खडा घासून, गुळगुळीत करून, क्रिस्टल म्हणून कित्येक पट किमतीला विकतात. त्यावर ‘अल्युमिनियम क्लोरोहायड्रेट नाही’, म्हणजे अँटीपर्स्पिरंटमधला क्षार नाही, असं लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण तुरटी म्हणजे पोटॅशियम अल्युमिनियम सल्फेट, तिच्यातही अल्युमिनियम आहेच. तिचा गुण असा की ती कातडी आवळते आणि जंतूंना वाढू देत नाही. घाम फारसा अडत नाही. म्हणजे काख ओली होईल, वास येणार नाही.

खडा अखंड, कडा घासलेला घ्या. आंघोळीनंतर ओल्या काखेत सात-आठ वेळा फिरवा, दोन मिनिटं वाळू द्या, मगच कपडे घाला. खडा धुऊन, पुसून कोरड्या जागी ठेवा. मोरीत ओला राहिला तर झिजून कडा धारदार होतात आणि कातडी ओरबाडते. फवारा हवा असेल तर शंभर मिलिलीटर उकळून गार केलेल्या पाण्यात पाच ग्रॅम तुरटीची पूड विरघळवा, प्लास्टिकच्या बाटलीत भरा, आठवड्याला नवं करा. तुरटीची लाही, म्हणजे भाजून फुलवलेली तुरटी, मात्र नको, ती झोंबते.

लिंबू लावू नका. लिंबाचा रस काखेत किंवा दंडावर राहिला आणि त्यावर ऊन पडलं, तर फोड आणि काळे डाग येतात. खाण्याचा सोडाही नको. तो वास मारतो, पण कातडी मुळात किंचित आम्लधर्मी असते आणि सोडा अल्कधर्मी. पहिला आठवडा छान जातो, मग लाली, खाज, सालं निघणं. ‘नैसर्गिक डिओ मला सोसत नाही’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर सोडा सोसलेला नसतो. डबीवरची यादी वाचा. सोडियम बायकार्बोनेट दिसलं तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड किंवा झिंक रिसिनोलिएट असलेली दुसरी घ्या. झिंक रिसिनोलिएट एरंडेलापासून करतात आणि ते वासाची रसायनं अडकवून ठेवतं, म्हणून वास येत नाही.

घरी मलम करायचं असेल तर परदेशी कृती जशीच्या तशी उचलू नका. त्यात सगळी भिस्त खोबरेलावर असते, आणि खोबरेल २४ अंशांना वितळतं. मुंबईत तुमची डबी बहुतेक वर्षभर तेलाची वाटीच राहणार. आपल्याकडे उत्तर आहे कोकमतेल. कोकणात त्याला भिरंडेल म्हणतात, टाचांच्या भेगांना लावतो ते. ते चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. वीस ग्रॅम कोकमतेल, पंधरा ग्रॅम खोबरेल, पाच ग्रॅम मधमेण वाटीत घेऊन गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा. उतरवून थोडं निवलं की पंधरा ग्रॅम आरारूट आणि पाच ग्रॅम सौंदर्यप्रसाधनाच्या दर्जाचं झिंक ऑक्साइड चाळून घाला. पूड नाकात जाऊ देऊ नका. दाटसर होईपर्यंत ढवळत राहा, नाही तर पूड तळाशी बसते. वाळ्याच्या अर्काचे दहा-बारा थेंब शेवटी, जास्त नको. डबी लगेच फ्रिजमध्ये ठेवा, सावकाश गार झालं तर रवाळ होतं. एका काखेला हरभऱ्याच्या डाळीएवढं पुरतं. जास्त लावलं की ब्लाउजला तेलकट डाग पडतो.

क्रूरतामुक्त म्हणजे काय, तेही सांगते. भारतात सौंदर्यप्रसाधनांची चाचणी प्राण्यांवर करायला २०१४ पासून बंदी आहे, आणि तशी चाचणी केलेला माल आयात करायलाही. सशांच्या डोळ्यांत रसायन घालून पाहण्याची पद्धत १९४४ ची, त्यातले सशांचे हाल ज्यांनी वाचलेत त्यांना या बंदीचं मोल कळेल. पुण्यात ब्यूटी विदाऊट क्रुएल्टी ही संस्था १९७४ पासून याच कामात आहे. पण तीन शब्द वेगळे ठेवा. नैसर्गिक म्हणजे क्रूरतामुक्त नव्हे, आणि क्रूरतामुक्त (प्राण्यांवर चाचणी न केलेलं) म्हणजे व्हीगन (प्राण्यांकडून आलेलं काहीच नसलेलं) नव्हे. मधमेण आणि मेंढीच्या लोकरीतलं लॅनोलिन हे प्राण्यांकडूनच येतं. ते नको असेल तर मधमेणाऐवजी चार ग्रॅम कँडेलिला मेण घ्या, ते वनस्पतीचं.

अँटीपर्स्पिरंट सोडून यातलं काही सुरू केलंत, तर दोन-तीन आठवडे धीर धरा. बुचं निघतात, घाम पुन्हा मोकळा येतो. काखेला ‘डिटॉक्स’ म्हणून कोळशाचा लेप लावायची गरज नाही.

आणि कपडे. पॉलिएस्टर वास धरून ठेवतं, सुती कापड त्यामानाने सोडून देतं. दमट मुंबईत शाळेच्या मुलांना पॉलिएस्टरचा गणवेश घालायला लावणं मला मुळीच पटत नाही. पालकसभेत हा विषय काढाच. सातवी-आठवीच्या पोरांना त्या शर्टात दिवसभर बसवायचं आणि वर वासावरून हिणवायचं, हा अन्याय आहे.

काखेत वास मुरलेला शर्ट नुसत्या साबणाने सुटत नाही. तो उलटा करा. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी, त्यात काखेचा भाग अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखा धुवा. त्याच बादलीत ब्लीच कधीही घालू नका, क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. शर्ट उलटाच उन्हात वाळवा. पावसाळ्यात पंख्याखाली, काखा मोकळ्या राहतील अशा बेताने हँगरला लावा.

नमस्कार.