नवरा आधी की बायको? ‘एद्झो’ची गोष्ट

[पडद्यावर दोन शब्द: एद्झो, एद्झिनो]

एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेत भाऊ म्हणजे ‘फ्रातो’. त्यात ‘इन’ घातला की झाली ‘फ्रातिनो’, बहीण. ‘पात्रो’ म्हणजे वडील, ‘पात्रिनो’ म्हणजे आई. त्याच चालीवर ‘एद्झो’ म्हणजे नवरा आणि ‘एद्झिनो’ म्हणजे बायको. कुणालाही वाटेल, बायकोचा शब्द नवऱ्याच्या शब्दावरून आला. घडलंय नेमकं उलट.

१८८७ साली वॉर्सात लुडविक झामेनहोफ या तरुण डॉक्टरने ही भाषा जगापुढे ठेवली. तिचे बहुतेक शब्द लॅटिन, फ्रेंच, जर्मन नाहीतर रशियन-पोलिशसारख्या स्लाव भाषांत सापडतात. ‘एद्झो’ तिथे शोधून मिळत नाही. माग काढायचा तो ‘एद्झिनो’चा.

[राजमुकुटाचं जुनं चित्र]

खुद्द झामेनहोफ यांचा खुलासा असा: जर्मनमध्ये युवराजाची पत्नी म्हणजे ‘क्रोनप्रिन्त्सेसिन’. तिचं झालं ‘क्रोनप्रिन्त्सेद्झिनो’. मग त्यातला युवराज गळाला आणि मागे राहिली नुसती ‘एद्झिनो’, कुणाचीही बायको. तिच्यातला ‘इन’ काढल्यावर नवरा मिळाला.

अभ्यासकांना या शब्दात यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषाही ऐकू येते. त्या भाषेत रब्बीची, म्हणजे ज्यू धर्मगुरूची पत्नी म्हणजे ‘रेबेत्सिन’. नीट ऐका: शेवटी स्लाव ‘इत्सा’ आणि त्यावर जर्मन ‘इन’, स्त्रीलिंगाचे दोन प्रत्यय एकावर एक चढलेत. यिडिश झामेनहोफ यांच्या कानात लहानपणापासून होती. तरुणपणी त्यांनी तिचं व्याकरणही लिहायला घेतलं होतं. मला या दोन खुलाशांत भांडण दिसत नाही. शब्द राजवाड्यातून आला असेल, पण तो नेमका कुठे तोडायचा हे ‘रेबेत्सिन’ने सांगितलं असावं.

संस्कृतातही हेच झालंय. ‘विधवा’ हा फार जुना शब्द, लॅटिन ‘विदुआ’च्या नात्यातला. पुढे तो ‘वि’ आणि ‘धवा’ असा फोडला गेला आणि भाषेला नवऱ्यासाठी नवा शब्द मिळाला, ‘धव’. आपली ‘सधवा’ त्यातूनच आली.

[पडद्यावर: फ्राउलिनो]

एस्पेरांतोत अशी आणखी एक जोडी आहे. जर्मन ‘फ्रॉइलाइन’ म्हणजे अविवाहित स्त्री. तिची ‘फ्राउलिनो’ झाली. खरं तर त्या जर्मन शब्दातला ‘लाइन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय. स्त्रीलिंगी ‘इन’शी त्याचा संबंध नाही. तरी एस्पेरांतोने तिथेच कात्री लावली आणि अविवाहित पुरुषाला नाव दिलं, ‘फ्राउलो’.