कार्ड नंतर, आधी वायर बघा

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय, ‘कमी पैशांत टीव्ही ट्यूनर कार्ड कसं निवडावं’. म्हणजे कॉम्प्युटरवर टीव्ही दाखवणारं कार्ड; त्यातूनच जुन्या कॅसेटही कॉम्प्युटरमध्ये उतरवता येतात. निम्म्या चेहऱ्यांवर मला प्रश्न दिसतोय, की हे अजून मिळतं का? वापरलेलं मिळतं. आणि ज्यांच्या कपाटात मुंजीच्या, लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट पडून आहेत त्यांनी हात वर करा. बघा, पहिल्या रांगेत दोन्ही हात वर! म्हणजे दोन लग्नं समजायची का? नको, वहिनी शेजारीच बसल्यात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की कार्डाला शिव्या देण्याआधी त्याला जोडलेली वायर बघा. हे मी गेली कित्येक वर्षं सांगतोय आणि आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत कुणी ऐकत नाही, म्हणून आज तुमच्याकडे आलोय.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. त्या काळी वाऱ्याने ॲंटेना फिरला की एकाने गच्चीवर चढायचं, दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं, ‘आलं, आलं, गेलं!’ दोष कुणाचा हे सगळ्यांना दिसायचं. केबल आली आणि दोष लपला. आमच्या इमारतीत गच्चीवरून एकच वायर खाली यायची. दर मजल्यावर स्प्लिटर. एकाचे दोन करणारा स्प्लिटर लावला की सिग्नल निम्म्याहूनही थोडा कमी होतो. असे चार एकामागे एक लावले की शेवटच्या घरी सोळावा हिस्साही धड पोचत नाही. ते शेवटचं घर कुणाचं, हे सांगायला नको.

तक्रार केली की एक मुलगा यायचा. पक्कड नाही, पिन नाही. दाताने वायर सोलायचा, आतली तांब्याची तार पिळायचा आणि वर काळी टेप. अहो, कोॲक्सियल वायर, म्हणजे ही केबलची वायर; तिच्यातली जाळी म्हणजे तिचं चिलखत. ती कापून टाकली की बाहेरची सगळी खरखर आत. पहिल्या पावसात जोडात पाणी शिरलं की क्रिकेटच्या मॅचमध्ये बॉल कुठला आणि मुंगी कुठली, कळायचं नाही. मग मालक स्वतः यायचे, गच्चीवर बूस्टर लावायचे. बूस्टरला काय कळतंय? चित्राबरोबर मुंग्याही वाढवतो. आणि निघताना आमच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणायचे, ‘काका, कार्ड लोकल आहे तुमचं.’

टीव्ही आपण आठ फुटांवरून बघतो, मॉनिटर दीड फुटावरून. टीव्हीवर खपून जाणारी घाण मॉनिटरवर डोळ्यांत खुपते. लोक महागडं कार्ड आणायचे, मुंग्या तशाच. कुणाच्या भाच्याने अमेरिकेहून आणलेलं कार्ड तर आणखी वेगळं: टीव्हीच्या सिग्नलची तिकडची एनटीएससी पद्धत 525 रेषांची, आपली ‘पाल’ पद्धत 625 ची. नुसत्या एनटीएससीच्या ट्यूनरवर आपलं चॅनल काय लागणार! भाचा मात्र दर गणपतीत विचारायचा, ‘मामा, कार्ड कसं चाललंय?’

हो, हो, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? बरं, चार.

तर मुद्दा. केबल डिजिटल झाली, चॅनल सेट टॉप बॉक्समध्ये कुलूपबंद झाले. त्यामुळे जुन्या कार्डातला चॅनल पकडणारा ट्यूनर आज मेल्यात जमा आहे. जिवंत आहे ती त्याच्या शेजारची पिवळी पिन, म्हणजे एव्ही-इन. कॅसेट उतरवायला व्हीसीआर तिथे जोडायचा. कार्ड घेताना ट्यूनरसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. एस-व्हिडिओचं, म्हणजे जास्त स्वच्छ चित्र घेणारं भोक असेल तर थोडे जास्त द्या, पण तुमच्या व्हीसीआरलाही ते असलं तरच.

दुसरं, एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून लहान करणारी चिप. साध्या कार्डात तो नसतो, आकुंचन करायचं काम तुमच्या प्रोसेसरवर पडतं. अजिबात न दाबता 720 बाय 576 चं चित्र साठवलं तर तासाला सुमारे 75 जीबी जातात. एमपीईजी-2 या दाबलेल्या प्रकारात सेकंदाला सहा मेगाबिटने घेतलं तर पावणेतीन जीबीच्या आत. मशीन जुनं असेल तर एन्कोडरवालं कार्ड शोधा, नवं असेल तर गरज नाही.

तिसरं, खाच, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड बसवायची जागा. ही जुनी कार्डं बहुतेक पीसीआय नावाच्या जुन्या खाचेची. नव्या मदरबोर्डवर ती खाच बहुधा नसते. घरी झाकण उघडून बघा, मग पैसे काढा. चिप कुठली ते विचारा: बीटी878 किंवा एसएए7134 असेल तर लिनक्समध्ये ड्रायव्हर आयते मिळतात. 64-बिट विंडोजवर बऱ्याच जुन्या कार्डांचे ड्रायव्हर सापडत नाहीत, मग रविवार गेला. आवाजाची छोटी वायर सोबत आहे ना, तेही बघा. स्वस्त कार्डांत आवाज साउंड कार्डकडे वेगळा न्यावा लागतो. खाचच नसेल तर यूएसबीची कॅप्चर स्टिक, म्हणजे व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारी कांडी घ्या, उगाच भावनेत अडकू नका.

आणि कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली, ठाण्याच्या दमट हवेत दिसतेच, तर ती तशीच व्हीसीआरमध्ये सारू नका. हेड खराब होईल आणि पुढची चांगली कॅसेटही नासेल. आधी साफ करवून घ्या. बोला, प्रश्न?