दुरून आणलेली लेकरं

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशातलं मूल दत्तक घेणारं ख्रिस्ती कुटुंब आणि त्याची श्रद्धा, असा आजचा विषय. विषयाकडे येतेच, पण आधी एक गोष्ट सांगते. ही गोष्ट मला इतकी प्रिय आहे की ती सुरू केली की माझं घड्याळाकडे लक्ष राहत नाही. काचेपलीकडे बसलेले आमचे तंत्रज्ञ आत्ताच हसतायत, कारण त्यांनी ती चार वेळा ऐकली आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगन नावाचं राज्य आहे. तिथे क्रेसवेल नावाचं छोटंसं गाव. त्या गावच्या हॅरी होल्ट यांची शेती होती आणि लाकूड कापायची गिरणीही होती. पत्नी बर्था नर्सिंग शिकलेल्या. सहा मुलं. घरात रोज पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचलं जायचं, जेवणाआधी प्रार्थना व्हायची. १९५० साली हॅरींना हृदयविकाराचा जबर झटका आला. त्यातून ते वाचले, आणि तेव्हापासून एक प्रश्न त्यांच्या मागे लागला: देवानं मला ठेवलंय ते कशासाठी?

१९५४चा डिसेंबर. जवळच्या युजीन शहरात एका शाळेच्या सभागृहात बॉब पिअर्स नावाचे धर्मप्रचारक कोरियातल्या अनाथ मुलांवरची फिल्म दाखवत होते. कोरियातलं युद्ध १९५३च्या जुलैत थांबलं होतं. सैनिक घरी गेले. काहींची मुलं मात्र मागे राहिली. आई कोरियन, बाप परदेशी शिपाई. अशा मुलाचा चेहराच सगळी हकिकत सांगून टाकायचा. त्याला शेजारी नावं ठेवायचे, आईलाही ठेवायचे. होल्ट पतिपत्नींनी ती फिल्म पाहिली आणि काही मुलांच्या खर्चासाठी दरमहा पैसे पाठवायचं ठरवलं. मुलांचे फोटो आले. कुणीही चांगला माणूस इथे थांबला असता. पैसे जातायत, फोटो भिंतीवर लागलेत, रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कौतुक होतंय.

हॅरींना झोप लागेना. शेवटी नवराबायकोनं मनातलं एकमेकांना सांगितलं, आणि ठरलं की मुलं घरी आणायची. किती? आठ!

आता अडचण अशी की तेव्हाचा अमेरिकन कायदा एका कुटुंबाला परदेशातली दोनच अनाथ मुलं आणू देत होता. नीट ऐका: कायदा म्हणतो दोन, आणि हे म्हणतात आठ. दुसरं कुणी असतं तर दोनांवर समाधान मानलं असतं. हॅरींनी काय केलं? कायदा बदलायच्या आतच ते विमानात बसले. हृदय अधू, कोरियन भाषेचा गंध नाही, हातात परवानगी नाही. आधी टोकिओ, मग कोरिया.

टोकिओत मात्र त्यांचा धीर सुटला. आपण हे काय करून बसलो? घरी सहा मुलं, शेती वाऱ्यावर, आणि कायदा होईल न होईल. खोलीत गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली, पवित्र शास्त्र उघडलं, आणि समोर आलं ते यशयाच्या पुस्तकाचं ४३वं प्रकरण. पाचवं ते सातवं वचन. भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे. पूर्वेकडून तुझी संतती आणीन. उत्तरेला सांगेन, सोड. दक्षिणेला सांगेन, अडवू नको. माझे पुत्र दुरून आणा, माझ्या कन्या पृथ्वीच्या टोकापासून आणा.

यशया ४३, वचनं पाच ते सात. हे लक्षात ठेवा, मला पुन्हा त्याच्याकडे यायचं आहे.

विचार करा, पूर्वेकडे मुलं आणायला निघालेल्या माणसाच्या बोटाखाली हे वचन! अंगावर काटा येतो की नाही? माझ्या दर वेळी येतो. तरीही मनातलं सांगते, शास्त्र असं मिटल्या डोळ्यांनी उघडून देवाचा कौल घेणं मला पटत नाही. शास्त्र म्हणजे काही पत्त्यांचा कॅट नव्हे. असा कौल घेणारी माणसं वचन मनासारखं निघालं नाही की पुस्तक मिटून पुन्हा उघडतात, हे मी पाहिलेलं आहे. हॅरींचं एकदाच उघडलं आणि नेमकं उघडलं, एवढंच.

तिकडे घरी बर्था काय करत होत्या? हॅरींच्या विमानाची गोष्ट सगळे सांगतात, बर्थाच्या टपालाची कुणी सांगत नाही. खरं काम तिथे चाललं होतं. सहा मुलं आणि घर सांभाळून त्या पत्रांमागून पत्रं लिहीत होत्या, लोकप्रतिनिधींच्या मागे लागल्या होत्या. ओरेगनचे सिनेटर रिचर्ड न्यूबर्गर यांनी विधेयक मांडलं आणि १९५५च्या उन्हाळ्यात, केवळ या एका कुटुंबासाठी, अमेरिकेच्या काँग्रेसनं खास कायदा केला. म्हणून मी म्हणते, श्रद्धेच्या गोष्टीत पुरुष विमानात बसतो आणि बाई पाकिटांवर तिकिटं चिकटवते. साक्ष द्यायला मात्र पुरुषालाच उभं करतात. असो. हा आजचा विषय नाही.

१४ ऑक्टोबर १९५५. पोर्टलंडच्या विमानतळावर हॅरी उतरले. आठ मुलं, चार मुलगे आणि चार मुली. सगळ्यात मोठं जेमतेम साडेतीन वर्षांचं असेल, धाकटी तान्ही. दोन दिवसांचा प्रवास, दुपटी ओली, पोरं पेंगुळलेली, आणि समोर फोटोग्राफर! दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून ती छायाचित्रं देशभर गेली. आणि मग क्रेसवेलच्या पोस्टात पत्रांचा ढीग येऊन पडू लागला. आम्हालाही मूल हवंय, आम्हालाही मूल हवंय. पुढच्याच वर्षी, १९५६ साली, होल्टांनी संस्था उभी केली आणि कोरियातून मुलांची विमानं येऊ लागली.

गोष्ट इथे संपवायची माझी जुनी सवय. मंडळीत कितीदा तरी मी ती इथेच संपवली आहे, लोकांनी डोळे पुसले आहेत, आणि आम्ही गीत म्हणायला उभे राहिलो आहोत. आज नाही संपवत.

आता यशया ४३. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं तेच. हे वचन मुळात कुणासाठी आहे? बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, धरून नेलेल्या इस्राएली लोकांसाठी. त्यांची वस्ती उठवली होती, त्यांना परक्या देशात परकी भाषा कानी घेत राहावं लागत होतं. त्यांना देव सांगतोय, मी तुम्हाला दुरून परत आणीन. परत! म्हणजे हे वचन घरी जाण्याचं आहे. हॅरींनी ते ओरेगनकडे तोंड करून वाचलं, म्हणून त्यांना कोरिया दूर वाटला. त्या साडेतीन वर्षांच्या मुलाला विचारा, दूर कोणतं? त्याच्या दृष्टीनं दूर म्हणजे ओरेगन. आपलं गाव, आपली बोली, आईच्या अंगाचा वास, सगळं मागे टाकून तो निघाला होता. एकच वचन, पण बापाला ते येण्याचं वाटलं, आणि लेकराच्या बाजूनं ते अजून खरं व्हायचं होतं.

हे मला फार उशिरा उमगलं. उमगल्यापासून गोष्ट पूर्वीसारखी सांगता येत नाही.

कारण पुढे जे झालं तेही सांगायला हवं. सुरुवातीच्या वर्षांत आईवडिलांनी कोरियाला जायचीही गरज नव्हती. त्यांच्या वतीनं दुसऱ्यानंच तिथे दत्तकाची कागदपत्रं पुरी करायची आणि मूल विमानानं थेट हातात. सामाजिक कार्यकर्ते ओरडत होते की घर पाहिलं का, माणसं पाहिली का. होल्टांची मुख्य अट होती, आईवडील तारणप्राप्त विश्वासी, म्हणजे ख्रिस्तावर मनापासून श्रद्धा ठेवणारे, हवेत. आता विश्वासी असणं चांगलंच, पण विश्वासी माणूस रागीट नसतो असं कुणी सांगितलं? १९६१ साली अमेरिकेनं कायदा बदलून या परभारे पद्धतीला आवर घातला.

पर्ल बक यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, नोबेल मिळालेल्या लेखिका. त्या चीनमध्ये वाढलेली मिशनऱ्यांची मुलगी. त्यांनी १९४९ सालीच अशा मिश्र वंशाच्या मुलांसाठी 'वेलकम हाउस' काढलं होतं, कारण दत्तक संस्था म्हणायच्या की या मुलांना कोण घेणार? सांगायचा मुद्दा, या वाटेवर होल्ट एकटे नव्हते, आणि ही वाट एकाच प्रकारे चालायची असंही नव्हतं.

युद्ध संपलं, युद्धातली मुलं मोठी झाली, पण विमानं थांबली नाहीत. १९८५ या एका वर्षात कोरियातून ८,८०० हून जास्त मुलं परदेशी गेली. युद्ध थांबून तेव्हा ३२ वर्षं झाली होती! ही आता शिपायांची मुलं नव्हती. बहुतेक अविवाहित आयांची होती. आजवर एकंदर सुमारे २ लाख मुलं कोरियाबाहेर गेली, असं मानतात. त्यांतल्या कितीतरी मुलांच्या कागदावर 'अनाथ' लिहिलं होतं आणि आई जिवंत होती. २०२५च्या मार्चमध्ये कोरियाच्याच सत्यशोधन आयोगानं हे मान्य केलं: खोट्या नोंदी झाल्या, मुलांच्या हक्कांवर गदा आली, आणि सरकारनं डोळेझाक केली. अमेरिकेत गेलेल्यांपैकी काहींना तर नागरिकत्वच मिळालं नव्हतं, कारण आईवडिलांनी तो अर्ज केलाच नाही. २००० साली त्यासाठी कायदा झाला, पण त्यात आधीच प्रौढ झालेली माणसं बाहेर राहिली. त्यांतल्या काहींना पुढे ज्या देशाची भाषाही येत नाही त्या देशात पाठवून दिलं.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही श्रद्धेवर बोलायला बसलात आणि कागदपत्रांवर आलात. होय, आलेच. कारण मूल दत्तक घेताना श्रद्धेची पहिली गाठ कागदाशी पडते. प्रार्थनेनं निघालात, ठीक. पण समोर आलेल्या कागदावर 'आईचा पत्ता लागत नाही' असं लिहिलं असेल तर कुणी शोधला, कधी शोधला, हे विचारणं हा अविश्वास नाही. पुन्हा सांगते, विचारणं हा अविश्वास नाही. देवानं दार उघडलंय असं म्हणून घाईनं आत शिरणाऱ्यांची मला भीती वाटते. दार उघडंच दिसलं, पण कडी कुणी काढली?

परदेशी दत्तकाबद्दलचा १९९३चा आंतरराष्ट्रीय हेग करार हेच सांगतो, फक्त कायद्याच्या भाषेत. मुलाला आधी त्याच्याच कुटुंबात राहता येतं का ते पाहा, नाही तर त्याच्या देशात कुणी घर देतं का ते पाहा, आणि मगच परदेश. या मधल्या व्यवहारात कुणी अवाजवी पैसा कमवायचा नाही. त्यामुळे वेळ लागतो, दोन दोन, तीन तीन वर्षं. त्या काळात मंडळीतली माणसं दर रविवारी वाट पाहणाऱ्या जोडप्याला विचारतात, 'काय, आलं का बाळ?' कृपा करून असं विचारू नका. त्यांच्या घरी भांडी घासून द्या, मोठ्या मुलांना एखादी दुपार सांभाळा.

आणि व्यासपीठावरून पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, प्रेषित पौलाचा दाखला देतात, रोमकरांस पत्र, आठवा अध्याय: आपल्याला दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे, आपण देवाला बापा म्हणतो. सुंदर शास्त्रभाग आहे. फक्त एवढं पाहा, या दाखल्यात आपण कोण आहोत? दत्तक गेलेलं लेकरू! पण दत्तक घेणारं जोडपं तो ऐकतं तेव्हा नकळत स्वतःला देवाच्या जागी बसवून घेतं. आम्ही याला वाचवलं. मग मुलानं उपकार मानायचे, आणि नाही मानले की 'एवढं करून' सुरू. इस्राएली आईच्या पोटी जन्मलेल्या मोशेला मिसरच्या राजाच्या, फारोच्या, मुलीनं वाढवलं, त्याला राजवाडा मिळाला. तरी तो बाहेर पडला तो आपल्या भाऊबंदांकडेच गेला ना?

म्हणून अशा घरातली मला आवडणारी प्रार्थना साधी आहे. रात्री मुलाबरोबर बसून त्याच्या जन्मदात्या आईसाठी केलेली. तिचं नाव ठाऊक असेल तर नावानं, नसेल तर 'तुझी पहिली आई' म्हणून. मुलाला तिच्याबद्दल विचारायचं असेल तेव्हा विचारू द्या, रडायचं असेल तेव्हा रडू द्या, आणि तेव्हा लगेच वचन वाचायला घेऊ नका.

काचेपलीकडून हात झाला. दोन मिनिटं.

हॅरी होल्ट १९६४ साली वारले, ते कोरियातच. सोलजवळ इल्सान इथे त्यांनी दिव्यांग आणि अनाथ मुलांसाठी वसतिस्थान उभं केलं होतं, तिथल्याच टेकडीवर त्यांना पुरलं. बर्था मागे छत्तीस वर्षं जगल्या. कोरियात त्यांना सगळे होल्ट आजी म्हणायचे. नव्वदी ओलांडल्यावरही त्या धावण्याच्या शर्यतीत उतरायच्या, बरं का! २००० साली, वयाच्या ९६व्या वर्षी त्या गेल्या, आणि त्यांनाही इल्सानच्या त्याच टेकडीवर नेलं. ओरेगनची माणसं दोघंही अखेर कोरियाच्या मातीत आहेत.

आणि त्या पहिल्या विमानांनी गेलेली मुलं? ती आता साठी-सत्तरीला आली आहेत. २०२०पासून कोरियाच्या परदेशातल्या वकिलातींमध्ये त्यांच्यासाठी डीएनए तपासणीची सोय झाली आहे. गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घेतात, तो सोलला जातो, आणि तिथे आपल्या हरवलेल्या मुलाच्या शोधात एखाद्या म्हाताऱ्या आईनं दिलेल्या नमुन्याशी ताडून पाहतात. जुळला, तर फोन येतो. मग सत्तरीचा तो मुलगा तिकीट काढतो आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे निघतो.

यशया ४३, वचनं पाच ते सात. घरी गेल्यावर एकदा मोठ्यानं वाचून पाहा. नमस्कार.